पवित्र शास्त्रातली ‘आशा’ : शब्द शोधण्यापासून आजाऱ्याच्या उशाशी वाचण्यापर्यंत

‘आशा सुटेना, देव भेटेना’ ही म्हण मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेली असते, ख्रिस्ती घरातल्यांच्याही. म्हणीतली आशा म्हणजे हाव, मनाला बांधून ठेवणारी ओढ. तोच माणूस रविवारी मंडळीत ऐकतो की ख्रिस्त येशू ‘आपली आशा’ आहे (१ तीमथ्य १:१). एकीकडे आशा ही देवाच्या वाटेतली धोंड, दुसरीकडे ते प्रभूचेच नाव. हा गोंधळ मनात तसाच ठेवून वचने पाठ केली तर ‘आशा’ म्हणजे ‘होईल काहीतरी चांगले’ एवढाच अर्थ उरतो, आणि पहिल्या मोठ्या आघाताला तो पुरत नाही.

शास्त्रातल्या आशेचे वजन ती धरणाऱ्याच्या मनःस्थितीवर नसते; ती कोणावर टाकली आहे यावर असते. हे वाक्य ऐकून पटते, पण पुरे पडत नाही. वचनांतून ते आपल्या डोळ्यांनी दिसावे लागते. त्यासाठी पुढचा अभ्यासक्रम आहे. एकट्याने करा किंवा घरगुती प्रार्थनासभेत चारसहा जणांनी मिळून. साधारण पाऊण तासाच्या सहा बैठका लागतात.

तयारी

एक वही घ्या, शक्यतो मोठ्या आकाराची. दोन भाषांतरे जवळ ठेवा: बायबल सोसायटीचे नेहमीचे ‘पवित्र शास्त्र’ आणि एखादे सोप्या मराठीतले. मुक्ती मिशनशी संबंध असलेल्या घरांत पंडिता रमाबाईंनी केलेले भाषांतर असेल तर तेही काढा. साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून रमाबाईंनी ते मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केले. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापून झाले. भाषांतरे दोन हवीत याचे कारण साधे आहे. ज्या ओवीत एकाने ‘आशा’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘वाट पाहणे’ किंवा ‘भरवसा’, तिथे मूळ शब्द दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसलेला असतो. अशा ओवीपुढे वहीत खूण करा.

आता शोध. बहुतेक जण मोबाइलमधल्या बायबलात ‘आशा’ टाकतात आणि आलेल्या यादीलाच सगळे समजतात. इथे पहिली चूक होते. मराठीत विभक्ती लागली की ‘आशा’चे ‘आशे’ होते: आशेने, आशेचा, आशेला. त्यामुळे रोमकरांस पत्रातली निम्मी वचने त्या शोधातून निसटतात. म्हणून ‘आशे’ हा शोध वेगळा करा. त्यात याकोबाचा मुलगा आशेर आणि त्याचा वंशही येईल. ती नावे वगळा. ‘आशा’ शोधताना ‘निराशा’ही येते, ती मात्र वगळू नका, तिच्या शेजारी बहुधा कामाचे काही असते. यानंतर ‘वाट पाह’, ‘प्रतीक्षा’ आणि ‘भरवसा’ हे तीन शोध घ्या. भरवशाची यादी फार लांब होते. तूर्त स्तोत्रांपुरती घेतली तरी चालेल.

पहिली पायरी : चार रकाने

वहीच्या पानावर चार रकाने आखा: कोण आशा धरतो, कोणावर, कशाची, कुठवर.

दुसरा आणि तिसरा रकाना वेगळे ठेवण्याची गरज मराठीत जरा जास्तच आहे. ‘पावसाची आशा’ म्हणताना पाऊस ही हवी असलेली गोष्ट असते. ‘म्हातारपणी मुलाची आशा’ म्हणताना मुलगा हा आधार असतो. ‘ची’ हा एकच प्रत्यय दोन्ही कामे करतो. शास्त्रात ‘परमेश्वराची आशा धरणे’ येते तेव्हा तो आधार आहे. ‘तारणाची आशा’ किंवा ‘गौरवाची आशा’ येते तेव्हा ती मिळायची गोष्ट आहे. घाईत वाचणारा दोन्ही सरमिसळ करतो, आणि देवाकडून काहीतरी मिळण्याची आशा हीच देवावरची आशा ठरते.

स्तोत्र ३३ वर हात बसवून घ्या. सतराव्या ओवीत घोडा आहे: जय मिळवून देण्याच्या कामी तो व्यर्थ. त्या काळी घोडा म्हणजे लढाईतले सगळ्यात महागडे साधन. अठराव्या ओवीत परमेश्वराच्या दयेची आशा धरणारे आहेत. ‘कशाची’ या रकान्यात दोन्हीकडे एकच गोष्ट येते: जीव वाचणे. फरक फक्त ‘कोणावर’ या रकान्यात पडतो. १ तीमथ्य ६:१७ मध्येही तसेच आहे. धनवानांना आशा सोडायला सांगितलेले नाही, चंचल धनावरून उचलून ती देवावर ठेवायला सांगितले आहे. म्हणीची आणि शास्त्राची गाठ इथे पडते. म्हण जी आशा सोड म्हणते, ती शास्त्रालाही नको आहे. पण शास्त्र हात मोकळा ठेवत नाही, त्यात दुसरे काही देते.

चौथा रकाना, ‘कुठवर’, पुष्कळदा कोराच राहतो. तो ओढूनताणून भरू नका. कोरे राहणे ही नोंदच आहे.

दुसरी पायरी : हिब्रू शब्द ओळखा

हिब्रू येत नसले तरी चार शब्दांची ओळख पुरते.

‘तिक्वा’ हा मुख्य शब्द. त्याचा दुसरा अर्थ दोर. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब खिडकीला किरमिजी सुताचा जो दोर बांधते, तिथे मूळात हाच शब्द दोनदा आहे (ओव्या १८ आणि २१). या योगायोगावर पुष्कळ उपदेश रचले गेले आहेत, आणि थोडे जपून राहावे असे हे ठिकाण आहे. त्या कथेत शब्दाचा अर्थ दोर एवढाच आहे. शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. मात्र ईयोब ७:६ मध्ये कवीने हा दुहेरी अर्थ मुद्दाम वापरलेला दिसतो. माझे दिवस धोट्याहून वेगाने गेले, ईयोब म्हणतो, आणि ‘तिक्वा’ नसताना संपले. हातमाग पाहिलेल्या माणसाला हे डोळ्यांपुढे उभे राहते. धोटा इकडून तिकडे सपासप जातो आहे आणि कांडीवरचे सूत संपते. सूत संपले, आशा संपली. एकाच शब्दात दोन्ही.

‘याहल’ म्हणजे थांबून राहणे. जलप्रलयानंतर नोहा कबुतर पुन्हा सोडण्याआधी आणखी सात दिवस थांबला (उत्पत्ती ८:१२), तिथे हे क्रियापद आहे. स्तोत्र ४२ आणि ४३ मध्ये तीनदा येणाऱ्या ध्रुवपदात (४२:५, ४२:११, ४३:५) कवी आपल्याच जिवाला बजावतो, देवाची आशा धर; तिथेही हेच. ‘कावा’ हे तिक्वाच्याच घरातले क्रियापद: ताणून, डोळे लावून वाट पाहणे. यशया ४०:३१ मधले गरुडाच्या पंखांनी उडणारे ते हेच वाट पाहणारे. त्या ओवीचा क्रम उलटा वाटतो, तो नीट पाहा: आधी उडणे, मग धावणे, शेवटी चालणे. थकवा न येता चालत राहणे हे तिथे शेवटी ठेवले आहे.

चौथा शब्द ‘बाताह’, म्हणजे भरवसा टाकणे. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकापासून हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले, तेव्हा भाषांतरकारांनी ‘बाताह’साठी अनेकदा ग्रीक ‘आशा धरणे’ वापरले. नव्या कराराच्या लेखकांच्या कानात ही ग्रीक स्तोत्रे होती. म्हणून प्रेषित पौल आपल्या पत्रांत ‘आशा’ लिहितो तेव्हा त्यात ‘भरवसा’ मुरलेला असतो. एक उदाहरण ताडून पाहा: रोम १५:१२ मध्ये पौल यशया ११:१० उद्धृत करतो. यशयाच्या हिब्रूत राष्ट्रे इशायाच्या मुळाला, म्हणजे दाविदाच्या घराण्यातून येणाऱ्या राजाला, ‘शरण येतील, शोधतील’ असे आहे. पौलाकडे ग्रीकवरून आलेले ‘त्याची आशा धरतील’. दोन्ही ओव्या शेजारी ठेवल्या की शब्दाचा प्रवास दिसतो.

तिसरी पायरी : एक ओवी कधीच एकटी वाचू नका

यिर्मया २९:११ हे आशेचे सर्वांत जास्त वापरले जाणारे वचन असावे. वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासनेत कार्डे निघतात त्यांवर, लग्नाच्या पत्रिकेवर, रोज सकाळी मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांवर. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हाला भावी सुस्थितीची आशा द्यावी असे ते आहेत. वचन खरेच आहे. पण ते एका पत्राचा मधला तुकडा आहे, आणि पत्र सगळे वाचल्याशिवाय तो कळत नाही. ही बैठक पूर्ण याच पत्राला द्या.

इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमेतून राजा, कारागीर, लोहार धरून नेले. त्या लोकांना यिर्मयाने लिहिलेले हे पत्र आहे. मागच्याच, २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येणार. लोकांना ते हवे होते. यिर्मया लिहितो: घरे बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात नेले त्याचे हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा (ओव्या ५ ते ७). आणि दहाव्या ओवीत मुदत: सत्तर वर्षे.

आता चार रकाने भरा. ‘कोण’मध्ये ‘तुम्ही’ हे अनेकवचन आहे, अख्खा समाज. ‘कुठवर’मध्ये सत्तर. पत्र ऐकणारा चाळिशीचा माणूस परत येणार नव्हता. नातवंडे येणार होती. अकराव्या ओवीतली आशा त्याला दिली आहे ती अशी. मुदत खोडून वचन तेवढे ठेवले, तर हाती यिर्मयाचे शब्द राहतात आणि संदेश हनन्याचा होतो.

याच्या जोडीला बत्तिसावा अध्याय अवश्य वाचा. आशा हाताने केलेली दिसते ती इथे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, यिर्मया स्वतः पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातले शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात गेलेल्या गावातली जमीन! यिर्मया घेतो. चांदीचे सतरा शेकेल, म्हणजे आजच्या मापाने साधारण १९० ग्रॅम चांदी, तराजूत तोलून देतो. खरेदीखत होते, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. आपला लेखनिक बारूख याला सांगतो की दोन्ही मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. जमिनीचा व्यवहार ज्याने केला आहे त्याला यातली प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल. या अध्यायात आपल्याला कसे वाटते हे यिर्मयाने खरेदीच्या वेळी सांगितलेले नाही. खरेदी झाल्यावर तो प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेच्या शेवटी गोंधळूनच म्हणतो, नगर तर खास्द्यांच्या (बाबेलच्या लोकांच्या) हाती चालले आहे आणि तू मला शेत घे म्हणालास. आशा धरणाऱ्याला असे वाटू शकते, हे शास्त्राने झाकलेले नाही.

चौथी पायरी : विलापगीताचा तिसरा अध्याय

यात सहासष्ट ओव्या आहेत. हिब्रू वर्णमालेची बावीस अक्षरे, प्रत्येकाला तीन ओव्या. एकदा मोठ्याने सलग वाचा; सात-आठ मिनिटे लागतात. मग या ओव्यांवर पेन्सिलने खूण करा: १८, २१, २४, २९.

अठराव्या ओवीत बोलणारा म्हणतो, माझे बळ गेले, परमेश्वराविषयीची आशा गेली. तीनच ओव्यांनी, एकविसाव्यात, तो म्हणतो, हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे. मध्ये काय घडले? बाहेर काहीच नाही. यरुशलेम नगर जळलेलेच आहे. बदलली ती नजर: बाविसाव्यापासून तो देवाची दया आठवू लागतो. पण पुढे जा. एकोणतिसाव्या ओवीत तो म्हणतो, तोंड धुळीत घालावे, कदाचित आशा असेल. ‘कदाचित’! चोविसाव्यात खात्रीने बोललेला माणूस पाच ओव्यांनी इथे येतो.

उपदेशात बहुधा २२ आणि २३ याच ओव्या येतात, रोज सकाळी नवी होणारी दया. त्या सुंदर आहेत, पण अध्याय तिथे थांबत नाही. चौथा अध्याय पुन्हा भुकेल्या मुलांचा आहे, आणि पाचव्याचा शेवट प्रश्नासारखा लोंबकळत राहतो: तू आम्हाला अगदीच टाकले आहेस काय? दुःखानंतर आशा, आणि आशेनंतर सगळे ठीक, असा चढता जिना इथे नाही. दोन्ही एकाच घरात राहतात. गटात अभ्यास करत असाल तर इथे घाई करू नका; बोलावे असे वाटणारे लोक याच बैठकीत बोलतात.

पाचवी पायरी : नव्या करारातला पेच

ग्रीक ‘एल्पिस’ (आशा) हे नाम नव्या करारात ५३ वेळा येते आणि त्याचे क्रियापद ३१ वेळा. एकट्या रोमकरांस पत्रात नाम १३ वेळा आहे. आणि चार शुभवर्तमानांत? एकदाही नाही. क्रियापद तेवढे पाच ठिकाणी आहे, त्यांतही लूक २३:८ मध्ये ते हेरोदाचे आहे. त्याला येशूच्या हातून एखादा चमत्कार पाहायला मिळेल अशी आशा होती. प्रकटीकरणात तर नाम नाही आणि क्रियापदही नाही, मात्र नवे आकाश आणि नवी पृथ्वी तिथेच आहे. शब्द शोधून अभ्यास संपत नाही तो यासाठी. शुभवर्तमानांत आशेचा शब्द शोधण्याऐवजी ‘देवाचे राज्य’ शोधा.

त्या पाचांतले एक मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावे: लूक २४:२१. यरुशलेमेपासून साठ स्तादी, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर, दूर असलेल्या अम्माऊसकडे येशूचे दोघे शिष्य त्याच्या मरणानंतर निघाले आहेत. सोबत चालणाऱ्या अनोळखी माणसाला ते सांगतात, इस्राएलाची मुक्ती करणारा तोच, अशी आमची आशा होती. मूळ क्रियापद चालू भूतकाळाचे आहे: आम्ही आशा धरून होतो. ज्याच्यावर धरली होती तोच, मेलेल्यांतून उठलेला येशू, शेजारून चालतो आहे. रकाने भरून पाहा. ‘कोणावर’ बरोबर होते. ‘कशाची’ आणि ‘कुठवर’ चुकले होते.

सहावी पायरी : रोम ५ आणि ८

रोम ५:३-५ मध्ये साखळी आहे: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. ‘शील’ वाचून आपल्याला सदाचार आठवतो. मूळ शब्द ‘दोकिमे’, म्हणजे पारख होऊन खरे ठरलेपण. त्याच घरातला शब्द १ पेत्र १:७ मध्ये विस्तवाने पारखलेल्या सोन्याच्या उपमेत आहे. सोनाराच्या भाषेत, कसाला उतरणे. म्हणजे संकटात टिकून राहिलेल्या माणसाला कळते की ज्याला धरले होते ते खोटे निघाले नाही, आणि त्यातून पुढची आशा येते. साखळी नीट पाहिली तर ती दुसऱ्या ओवीतल्या आशेपासूनच सुरू होते. आशेने निघून आशेवर पोचते, वाटेत तिचा कस लागतो.

मग ‘आशा लाजवीत नाही’. रोजच्या मराठीत सांगायचे तर तोंडघशी पाडत नाही. याच अर्ध्या ओवीवरून पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या ज्युबिली वर्षाच्या घोषणापत्राला नाव दिले, त्यामुळे वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक घरांत ती त्या वर्षी वारंवार ऐकू आली. तिचे कारण मात्र पुढच्या अर्ध्या भागात आहे आणि तेच बहुधा सुटते: कारण देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतली आहे. कारण सोडून ओवी सांगितली तर ती नुसती हमी वाटते.

एक ताकीद. हे वचन पौल ‘आपण’ म्हणून लिहितो. संकटात असलेल्याला बाहेरून येऊन ‘यातून तुझे शील घडते आहे’ म्हणण्यासाठी ते नाही.

आठव्या अध्यायात १८ ते २७ ओव्या घ्या आणि कण्हण्याच्या जागा मोजा: सृष्टी कण्हते (२२), आपण कण्हतो (२३), आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो (२६). याच तिघांच्या मधोमध चोविसावी ओवी आहे: दिसणारी आशा ही आशाच नव्हे. म्हणजे ‘आशा असलेला माणूस कण्हत नाही’ ही समजूत पौलाची नाही.

विसार आणि नांगर

दोन उपमा मराठी वाचकाला विशेष जवळच्या आहेत, म्हणून वेगळ्या.

२ करिंथ १:२२ आणि ५:५, इफिस १:१४ या तीन ठिकाणी पौल पवित्र आत्म्याला ‘आर्राबोन’ म्हणतो. मराठीत त्याला ‘विसार’ हा नेमका शब्द मिळाला आहे. घर किंवा जमीन ठरली की विसार देतात. विसार म्हणजे पूर्ण किंमत नाही, पण किमतीतलाच भाग असतो, आणि तो दिला की देणारा बांधला जातो. आशेला हातात काय मिळाले, असे कोणी विचारले तर पौलाचे उत्तर हे आहे. खरेदीखत अजून व्हायचे आहे, पण विसार पोचला आहे.

दुसरी उपमा इब्री ६:१९ मधली: आशा म्हणजे जिवाचा नांगर. देशावरच्या शेतकरी कुटुंबात ही ओवी वाचली की डोळ्यांपुढे शेताचा नांगर येतो आणि जमीन उकरण्यावर बोलणे सुरू होते. इथला नांगर गलबताचा. हर्णैच्या किंवा ससून डॉकच्या कोळ्याला सांगावे लागत नाही. रोममधल्या भूमिगत दफनस्थळांत पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी थडग्यांवर नांगर कोरला तो हाच. गलबताचा नांगर पाण्याखाली, न दिसणाऱ्या जागी रुततो. इब्रीच्या लेखकाने तो ‘पडद्याच्या आत’, परमपवित्र स्थानात रुतवला आहे. याला जोडून प्रेषितांची कृत्ये २७ वाचा. पौल कैदी म्हणून रोमला निघाला आहे, गलबतावर २७६ माणसे, वादळ दिवसचे दिवस चाललेले. विसाव्या ओवीत वाचण्याची सगळी आशा गेली. एकोणतिसाव्यात, चौदाव्या रात्री, खलाशी वरामावरून, म्हणजे मागच्या टोकाकडून, चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडण्याची वाट पाहतात. नांगर टाकल्याने वादळ थांबले नाही. गलबत खडकांवर गेले नाही, एवढेच झाले, आणि त्या रात्री तेवढेच हवे होते.

नेहमी चुकते ते

ईयोब १३:१५ वर मोठी इमारत उभारू नका. हिब्रू प्रतींतच तिथे दोन वाचने आहेत, उच्चार एक आणि अक्षर वेगळे. एकाप्रमाणे ‘त्याने मला मारले तरी मी त्याची आशा धरीन’, दुसऱ्याप्रमाणे ‘तो मला मारणार, मला आशा नाही’. तुमच्या दोन भाषांतरांत फरक दिसला तर कारण हे आहे. कोणी खोडसाळपणा केलेला नाही.

नीतिसूत्रे १३:१२ अर्धेच सांगू नका. आशा लांबणीवर पडली की अंतःकरण कष्टी होते, हे शास्त्रच म्हणते. वाट पाहून थकलेल्याला विश्वासात कमी ठरवण्याआधी ही ओवी आठवावी.

आशा म्हणजे फक्त मरणानंतरचे, असेही नाही आणि फक्त या जन्मातले, असेही नाही. १ करिंथ १५:१९ दुसरी चूक काढते, यिर्मयाचे मळे पहिली.

सगळ्यात जास्त इजा करणारी चूक बरे होण्याच्या वचनांची आहे. आजारी माणसाला ‘आशा धर, बरा होशील’ म्हणताना ‘कोणावर’च्या रकान्यात देव आणि ‘कशाची’मध्ये एकच निकाल भरला जातो. निकाल वेगळा लागला की घरच्यांना वाटते, आशा कमी पडली. अम्माऊसच्या वाटेवरच्या त्या दोघांची चूक आपण त्यांच्या गळ्यात बांधतो.

वाचायला कुठे, किती

आजाऱ्याच्या खोलीत लांब वाचन नको. स्तोत्र १३० आठ ओव्यांचे आहे, तेवढे पुरे. शुद्ध हरपत असेल तर ५ आणि ६ याच ओव्या. माणूस बोलण्याच्या अवस्थेत असेल तर विलापगीत ३:१७-२६, आणि सतराव्यापासूनच, बाविसाव्यापासून नाही. आधी त्याच्या मनातले बोलले गेले की पुढचे त्याला ऐकू येते.

मरण झालेल्या घरी १ थेस्सल ४:१३ वाचताना शब्द जपा. ‘आशा नसलेल्या इतरांसारखा शोक करू नये’ असे आहे. ‘शोक करू नये’ असे नाही. वाचणाऱ्याने ‘इतरांसारखा’वर थोडा जोर दिला नाही तर रडणाऱ्या आईला ते दटावल्यासारखे लागते. अठरावी ओवी सोडू नका: या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा, असे लिहिले आहे, एकाने सगळ्यांचे करावे असे नाही. म्हणून शक्य असेल तर घरातल्याच कोणाला तरी वाचू द्या.

कोणी आशेविषयी विचारले तर उत्तर द्यायला तयार राहा, असे १ पेत्र ३:१५ सांगते. तिथे आधी विचारणे आहे. उशाशी बसलेल्याने विचारल्याशिवाय समजावून सांगू नये, वाचावे आणि थांबावे.

आणि स्तोत्र १३० ची सहावी ओवी. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो. मूळात पहारेकऱ्यांची ओळ दोनदा आहे, लागोपाठ, जशीच्या तशी. काही भाषांतरांत ती एकदाच छापली आहे. वाचताना ती दोनदा म्हणा, दुसऱ्यांदा थोडी सावकाश.